रिकाम्या गाडीचं वजन

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, तू मधे बोललीस की मी सरळ शेवटाकडे उडी मारते आणि मग सगळी मजाच जाते. तर झालं काय, फ्लायओव्हरच्या चढावर माझ्या हातातलं स्टिअरिंग हलकं झालं. बस, एवढंच. धडक नाही, आरडाओरडा नाही, कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. भरलेली समजून बादली उचलावी आणि ती रिकामी निघावी, हात उगाच वर जातो बघ, तसं. मी ते डावीकडे वळवलं आणि गाडी काही वळली नाही. म्हणजे वळली, पण जरा वेळाने, माझ्यावर उपकार केल्यासारखी. समोरची काच आभाळाकडे बघायला लागली होती. आणि त्या क्षणी पहिला विचार काय आला असेल माझ्या मनात? की बाबांना कळणार. मागे हुकाला एका बाईची गाडी लटकतेय, पुढची चाकं रस्ता सोडायच्या बेतात आहेत, आजूबाजूने लोक हॉर्न बडवतायत, आणि मला वाटतंय की आता बाबांना कळणार, त्यांची गाडी कापून मी त्यातून काय बनवलं ते.

कारण गाडी बाबांचीच ना. तू पाहिली नाहीस ती, लाँड्रीच्या वेळची. ती जुनी बसक्या नाकाची व्हॅन, जिच्यात ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या थेट डोक्यावर बसतो आणि इंजिन त्याच्या बुडाखाली. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. बाबा त्या लाँड्रीत गाडीवर होते, हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं सकाळी मळकं आणायचं आणि दुपारी धुतलेलं पोचवायचं. शाळेला सुट्टी असली की मी मागे, गरम चादरींच्या ढिगात. इस्त्रीतून नुकत्याच निघालेल्या असायच्या, तुला सांगते, जगात त्याच्यासारखी झोप नाही. गाडी वळली की मी ढिगासकट इकडून तिकडे घसरायची, आणि बाबा मागे न बघता ओरडायचे, "काडे, आहेस ना?" मी म्हणायची, "आहे." काडी म्हणजे मीच, घरात सगळे तेच म्हणतात, आता बघतेच आहेस कशामुळे. नंतर लाँड्री बंद झाली. मालकांनी जाता जाता गाडी बाबांनाच देऊन टाकली. आणि मग बाबांचा उजवा डोळा गेला. म्हणजे पूर्ण नाही, पण डॉक्टर म्हणाले, आता गाडी चालवायची नाही, आणि बाबांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली ती माझ्यासमोर.  त्या दिवसापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. जिना उतरेनात. दुकानात नाही, फिरायला नाही, कुठे नाही. बसून घड्या घालायचे. टॉवेल, रुमाल, पेपर, जे हाताला लागेल ते लाँड्रीच्या मापाने चार घड्या, कडेला कड. आई म्हणायची, "एक दिवस माझी पण घडी घालून कपाटात ठेवतील हे." हसायचो आम्ही, पण ते हसायचे नाहीत.

तर मी ठरवलं की त्या गाडीतून टोइंगची गाडी बनवायची. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या उचलून गॅरेजला पोचवायच्या, म्हणजे मागे एक लोखंडी हात, त्याला दोर गुंडाळून ओढणारी विंच, हुक, पट्टे, बंद गाडीची पुढची चाकं उचलायची आणि चालायला लागायचं. तू म्हणशील नवीन टेंपो का नाही घेतला. ते मला विचारू नकोस. ती गाडी खाली ताडपत्रीत उभी होती आणि वर बाबा खुर्चीत बसले होते, आणि मला ना, दोन्हींकडे एकाच वेळी बघवत नव्हतं. मी कोर्स केलेला, गॅरेजमध्ये हात काळे केलेले, आणि माझा मावसभाऊ वेल्डर. त्याला आम्ही ठिणगी म्हणतो, लहानपणी त्याने मावशीचा पडदा पेटवला होता म्हणून. आई म्हणाली, "काडी आणि ठिणगी, एकाच शेडमध्ये? बाजूला पाण्याची टाकी तरी आहे ना रे?" मी बाबांना विचारायला गेले. मोठं भाषण तयार केलं होतं. म्हटलं, बाबा, मागचा डबा कापावा लागेल, आतून चेसिसला आधार द्यावा लागेल, पण पुढचं नाक, दारं, तुमची सीट, सगळं तसंच ठेवीन. ते टॉवेल झटकत होते. म्हणाले, "काप." बस. एक शब्द. काप. रागवले असते तर बरं झालं असतं. तो शब्द मी शेडमध्ये घेऊन गेले, ग्राइंडर हातात घेतला तेव्हाही तो कानात, पत्र्याला पातं लागलं तेव्हाही तोच. आणि पत्रा तापल्यावर काय झालं माहितीये? वास आला. खळ दिलेल्या गरम चादरींचा. इतक्या वर्षांची चादरींची धूळ, ते पांढरं कापसासारखं असतं ना, पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसलेलं, ते जळायला लागलं होतं. मी पातं थांबवलं. ठिणगीने तोंडावरची काच वर केली, म्हणाला, "काय गं, बोट गेलं?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग रडायला काय झालं?" म्हटलं, धूर गेला डोळ्यांत. धूर गेलाच होता.

आता गंमत ऐक, कारण सगळं इथे आहे. असली गाडी बनवताना मुख्य भानगड असते वजनाची. मागे ओझं लटकवलं की गाडीचं नाक उठतं, पाळण्यात मोठं मूल एका बाजूला बसल्यासारखं. म्हणून आधी रिकाम्या गाडीचं वजन माहीत पाहिजे, आणि तेही पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती असं वेगवेगळं. मग त्यावरून ठरतं लोखंडी हात किती लांब घ्यायचा आणि किती मागे बसवायचा. ठिणगी म्हणाला, "काट्यावर नेऊ या." मी त्याला हसले. म्हटलं, अरे, आमच्या घरात लहान मुलाला पाढ्यांआधी हे वजन पाठ होतं! लाँड्रीच्या फाटकातच काटा होता, छोटा, एका वेळी दोनच चाकं मावायची. आधी पुढची, मग मागची. येताना भरलेली गाडी, जाताना रिकामी, दोन्हींची वजाबाकी म्हणजे कपडे. रोजचं काम. रिकाम्या गाडीचे आकडे तर ड्रायव्हरच्या दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेले, पुढे इतके, मागे इतके, अजून आहेत. मी दारावरून आकडे घेतले, कापलेला डबा वजा केला, हिशेब केला, पुन्हा केला. पुढे थोडं जास्तीचं वजन राहत होतं. ठिणगी म्हणाला, "बघ, वर पुन्हा मार्जिन आहे." आम्ही हात बनवला, बसवला, रंग दिला. शेडसमोरच्या सपाट जागेत ठिणगी शेजारी बसायचा आणि आम्ही त्याच्याच शेजाऱ्याची मोडकी गाडी उचलून गोल गोल फिरायचो. तपासणीला गेलो तेव्हाही ठिणगी शेजारी. गाडी लोण्यासारखी चालली. ठिणगी कसा आहे तुला माहितीये, दोन माणसांचं जेवतो आणि तीन माणसांची जागा घेतो. माझ्या डोक्यात आलं का काही? नाही आलं.

आणि मग पहिलं गिऱ्हाईक, दातांची डॉक्टर. फ्लायओव्हरच्या तोंडाशी गाडी बंद. ठिणगी कुठला तरी पार्ट आणायला गेलेला, म्हटलं, मी एकटीच जाते, त्यात काय. पोचले, पट्टे बांधले, चाकं उचलली, मागे दिवे लावले, सगळं नियमाने. बाईला म्हटलं, तुम्ही माझ्या शेजारी बसा हं. ती हो म्हणाली. मी चाकांचे पट्टे पुन्हा आवळले, हुक बघितला, पुढे येऊन बसले तर शेजारची सीट रिकामी. मला वाटलं बाईंनी विचार बदलला, गेली असेल टॅक्सीने. निघाले. आणि चढावर ते झालं, बादलीसारखं. मी गाडी हळूच कडेला दाबली, हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावायला धावले, आणि बघते तर काय, ही बाई मागे तिच्याच गाडीत! नाक वर केलेल्या गाडीत, आभाळाकडे तोंड करून बसलेली, मांडीवर खोका, पायाशी खोके, शेजारच्या सीटवर खोके. मी म्हटलं, अहो, इथे काय करताय? म्हणते, "जबडे आहेत हो. प्लास्टरचे. कुणीतरी धरून बसायला पाहिजे, हादऱ्याने फुटले तर बावीस लोकांना पुन्हा तोंड उघडून बसवावं लागेल." खोक्याच्या झाकणातून एक दातांची रांग माझ्याकडे बघून हसत होती. हसू नकोस, मला तेव्हा अजिबात हसू आलं नाही. 

तर मी काय समजले, की चला, सापडलं कारण. बाई आणि तिचे जबडे, म्हणून मागचं ओझं वाढलं. पण आतून कुणीतरी म्हणत होतं, नाही, एवढ्याने नाही. ही बाई म्हणजे टूथब्रशएवढी. माझ्या हिशेबातलं मार्जिन एका टूथब्रशने आणि चार खोक्यांनी संपायला नको होतं. मी तिथेच, कठड्याला टेकून, हवेत बोटाने आकडे मांडतेय, गाड्या अंगावरून जातायत, प्रत्येक गाडीबरोबर पूल थरथरतोय, पायांच्या तळव्यांना जाणवतंय ते, आणि मला वाटायला लागलं की मी चुकले ते हिशेबात नाही, त्याच्या आधीच कुठेतरी. ती गाडी कापायलाच नको होती. बाबांनी काप म्हटलं ते परवानगी म्हणून नव्हतंच, आणि मी एक चांगली झोपलेली गाडी उठवून तिचं माकड केलं. तेवढ्यात बाई दार उघडून खोका सांभाळत म्हणाली, "मी उतरू का? मी उतरले तर हलकं होईल?"

उतरू का. अगं, त्या दोन शब्दांनी मी एकदम फाटकाशी जाऊन उभी राहिले. लाँड्रीच्या फाटकाशी. सकाळचं ऊन, काट्याची लोखंडी पाटी पायाखाली खडखडतेय, आणि बाबा म्हणतायत, "काडे, उतर, नाहीतर तुलाही कपड्यांत धरतील आणि धुऊन देतील." मी चादरींतून उडी मारायची. रोज. भरलेल्या गाडीतून आणि रिकाम्या गाडीतूनही. कडेला उभी राहून बघायची, काट्याची ती जाड सुई हळूहळू सरकत थांबायची ती. आणि वर, गाडीत, खिडकीत कोपर टेकवून, पायाशी हत्यारांची ती लोखंडी पेटी घेऊन, बाबा. बाबा बसलेले असायचे! बाबा कधीच उतरायचे नाहीत. तू त्यांना आत्ता बघितलंयस, तेव्हा याच्या दीडपट होते, आई म्हणायची की दाराची चौकट यांच्या मापाने मोठी करून घेतली. कशाला उतरतील ते? भरलेल्या गाडीतही तेच, रिकाम्या गाडीतही तेच, वजाबाकी केली की कपड्यांचं वजन बरोब्बर यायचं. पण दारावर जे लिहिलं होतं ना, रिकामी गाडी म्हणून, जे मला पाढ्यांआधी पाठ होतं, ज्यावर मी सगळी गाडी बांधली, त्यात बाबा होते. आणि त्यांची पेटी. पेटी तर मी स्वतः मागे नेऊन ठेवली होती, हाताशी असावी म्हणून. रिकामी गाडी कधी रिकामी नव्हतीच. आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नसतं की ती गाडी बाबांशिवाय असू शकते.

मला इतकं बरं वाटलं, तुला सांगते! भर रहदारीत उभं राहून मी मोठ्याने हसले. बाईला वाटलं असणार, गाडीवाली वेडी आहे. मी म्हटलं, उतरा बाई, उतरा आणि पुढे या, आणि तुमचे सगळे जबडे घेऊन या. सगळे खोके आम्ही पुढच्या सीटवर, सीटखाली, जिथे बाबांची पेटी असायची बरोब्बर तिथे, पायाशी रचले. मागे जाऊन मी पेटीही आणली. बाई मांडीवर शेवटचा खोका घेऊन बसली. मग मी चाकांमागचे दगड काढले, पहिल्या गियरमध्ये टाकलं, आणि हळूहळू, हळूहळू, स्टिअरिंगमध्ये वजन आलं. कुणीतरी पलीकडून हात हातात घेतल्यासारखं. उताराला लागलो तेव्हा पायाशी ते सगळे जबडे कडकड वाजत होते, थंडीत कुडकुडल्यासारखे, आणि बाई म्हणाली, "तुमचे दातही वाजतायत हो." वाजत होते खरे.

घरी आले तर आई टेबलाशी, बाबा खुर्चीत, मांडीवर उशीचे अभ्रे. मी आईला सांगायला लागले, आईलाच, बाबांना नाही. गाडीबद्दल मी त्यांच्याशी बोलायचीच नाही ना. इतके महिने खाली ग्राइंडर चालला, एकदा विचारलं नव्हतं त्यांनी, झालं का, कसं झालं, काही नाही. मला फक्त एक प्रश्न हवा होता त्यांच्याकडून. एक. तर मी सांगतेय, चढ, स्टिअरिंग, जबडे, आणि फाटकापर्यंत आले आणि थांबले. मागे वळून म्हटलं, "बाबा, तुम्ही काट्यावर कधी उतरायचात का हो?"

"कशाला उतरू?" बाबा अभ्र्याची कड जुळवत म्हणाले. "दोन्ही वेळा मीच. वजाबाकीत मी जातो."

आणि मग त्यांचा हात थांबला. अभ्रा तसाच अर्ध्या घडीत. त्यांनी मान सगळी वळवली, डाव्या डोळ्याने बघायचं तर त्यांना वळवावी लागते, आणि माझ्याकडे बघितलं. "दारावरचे आकडे घेतलेस तू?"

"हो."

"म्हणजे मला धरून बांधलीस गाडी."

"हो ना. पेटीसकट."

आई म्हणाली, "बघा! आणि इथे एवढं लोखंड मी नुसतं खुर्चीत ठेवून पुसत बसलेय." आणि बाबा हसले. आधी आवाजच नाही, नुसतं पोट हललं, मग खांदे, मग तो आवाज, चादरींच्या ढिगात मागे ऐकू यायचा तो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, अभ्र्याने डोळे पुसले, अभ्रा चुरगळला आणि तसाच बाजूला टाकला. चुरगळलेला! आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आणि मग त्यांनी विचारलं, "लोखंडी हात मागच्या चाकापासून किती मागे घेतलाय? बोलू नकोस, हाताने दाखव." मी दोन्ही हात पसरून दाखवले. "जास्त आहे," म्हणाले. "असू दे. उद्या मी येतो."

तर ते आले. जिना उतरले, प्रत्येक पायरीवर थांबून, कठड्याला धरून, पण उतरले. गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही चाकांना एकेक थाप, हे पहिल्यापासूनचं. कापलेल्या जागेशी थांबले, जिथे डबा संपतो आणि हात सुरू होतो. वेल्डिंगवरून अंगठा फिरवला.  म्हणाले, "ठिणगीचा हात बसलाय की." आणि शेजारच्या सीटवर चढले. चढले तशी गाडी खाली बसली, स्प्रिंगचे पाटे करकरले, नाक झुकलं. मला तो आवाज लहानपणापासून माहितीये, पण इतक्या दिवसांत तो आला नव्हता हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पेटी पायाशी ओढून घेतली, कोपर खिडकीत. "चल."

आणि मग रोज. अगं, काय सांगू तुला! रस्त्यात बंद पडलेली माणसं कशी असतात, चिडलेली, घाबरलेली, फोनवर ओरडणारी. मी खाली पट्टे बांधेपर्यंत बाबा त्यांना बोलण्यात गुंतवायचे. एका साहेबाचा कोट काढून घेऊन त्याची घडी घालून दिली, तो साहेब पहिल्यांदा चक्रावला आणि मग बसून चक्क घरच्या कटकटी सांगायला लागला. दातांची डॉक्टर भेटायला आली एकदा, बाबांना म्हणाली, "म्हणजे मी तुमच्या जागी बसले होते तर." बाबा म्हणाले, "तुम्ही एकट्या नाही, मला पुरे पडायला बावीस माणसांची तोंडं लागली." घरी आई म्हणायची, नवरा दिवसभर बाहेर असतो, आता भांडू कुणाशी. खिडकीजवळच्या खुर्चीवर मांजर बसायला लागलं.

पण मग बघ, मनात एक खडा असतोच ना. मी गाडी चालवतेय, बाबा शेजारी, आणि मला वाटतं, हे माझ्याबरोबर बाबा म्हणून येतायत की वजन म्हणून? आणि त्यांना काय वाटत असेल? एकदा ताप आला त्यांना. चांगला अंग तापलेलं, डोळे लाल. मी म्हटलं, आज राहू द्या. ते बूट घालायला लागले. "मी नसलो तर नाक उठेल." अहो ठिणगीला नेते. "ठिणगीला दुकान आहे." आले. सीटवर शाल घेऊन कुडकुडत बसले, त्यांच्या दातांचा आवाज येत होता, त्या खोक्यांसारखाच. मला दिवसभर रस्ता दिसला नाही, मला फक्त तो आवाज. संध्याकाळी ठिणगीकडे गेले. म्हटलं, बाबांच्या वजनाचं लोखंड पाहिजे. तो म्हणाला, "हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं, काडे, दोन तासांचं तर काम." माहीत होतं मला. त्याला कसं सांगू की म्हणूनच केलं नव्हतं. बंद लाँड्रीच्या मागच्या अंगणात इस्त्रीच्या जुन्या दाबयंत्राचा लोखंडी पाट पडलेला होता, गंजलेला, जाड. ठिणगीने तो मालकांकडून मागून आणला, कापला, घासला. बाबांना ताप उतरल्यावर आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, त्या दुपारी आम्ही तो पुढच्या बंपरच्या आत बोल्टांनी आवळला आणि वरून गाडीचाच रंग. समजूनही येत नव्हता. मी एकटीच एक मोठी गाडी उचलून त्याच फ्लायओव्हरवर गेले. चढावर हात घट्ट करून बसले. काहीच झालं नाही. गाडी रेषेत चढली. एवढं सुख व्हायला पाहिजे होतं मला, आणि झालंही, खरंच झालं, पण शेजारच्या सीटकडे मला बघवेना.

रात्रभर मी काय काय वाक्यं जुळवली. बाबा, आता तुम्हाला ताप आला तर राहू शकता. बाबा, आता तुमची गरज नाही. बाबा, आता तुमची गरज आहे पण त्या कामासाठी नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी खिडकीजवळची खुर्ची. सकाळी जिना उतरताना ते पुढे, मी मागे, वाक्य तोंडात. त्यांनी चक्कर सुरू केली. मागचं चाक, थाप. दुसरं मागचं, थाप. पुढचं. आणि पुढच्या चाकाशी थांबले, थाप मारायला गेलेला हात तसाच. गाडी बसलेली होती ना, नाक खाली, ते चढायच्या आधीच. मी विसरलेच होते. रंगाने लोखंड लपतं, पण ओझं कसं लपणार? ते पुढे आले, बंपरच्या आत हात घातला, बघितलं नाही, नुसती बोटं फिरवली. इकडून तिकडे. पाटाची कड त्यांच्या बोटांना ओळखीची नसेल? त्याच यंत्रातून आलेल्या चादरी त्यांनी आयुष्यभर वाहिल्या. मला वाटलं, आता वळतील. जिन्याकडे.  त्यांनी दार उघडलं, पेटीतून पाना काढला, खाली बसले, गुडघे धरून, हळू, आणि बंपरखाली हात घालून डाव्या बाजूचा बोल्ट अर्धा आटा आवळला. पाना कापडाने पुसला, कापडाची घडी घातली, पेटीत ठेवली. म्हणाले, "सैल होता." आणि चढले, कोपर खिडकीत, समोर बघत.

मी स्टिअरिंगवर बसले. तोंडातलं वाक्य तोंडात. गाडी सुरू केली. घराच्या फाटकातून बाहेर वळताना, मी काही बोलायच्या आत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "काडे, आहेस ना?"

मी म्हटलं, "आहे."

झालं, एवढंच. त्यावर आम्ही दोघं आजपर्यंत अवाक्षर बोललेलो नाही. पाट तिथे आहे, बाबाही आहेत, गाडीचं नाक जरुरीपेक्षा जास्तच खाली असतं आणि पुढचे टायर लवकर झिजतात, ठिणगी ओरडतो. ओरडू दे. आता तू सांग, आता बोल, मघापासून ओठ दाबून बसलीयस ती. माझ्या जागी तू असतीस, त्या सकाळी फाटकाशी, तू काय केलं असतंस?